बंद पाठीचे

कानात घालायचं काही नको,
हे मी दुकानात शिरतानाच सांगितलं.
चिलर रूममध्ये दिवसभर फोमचे बोळे कोंबलेले असतात,
संध्याकाळी कानाला आणखी एक बोट सहन होत नाही.
वरून झाकणारे हेडफोन दाखव. वायरवाले चालतील,
वायर तुटली तर मला डाग देता येतो.
आणि शंभर दिरहमांच्या आत.

शमीरनं काउंटरवर पाच मांडले.
रोल्याला शुक्रवारची गर्दी, आत त्याचा एसी धापा टाकतोय.
फिल्टर धुवायला झालाय, मी म्हटलं.
त्यानं विचारलं नव्हतं.

पहिल्याची पाठ जाळीची.
आवाज असा मोकळा, की डोक्यावरचं छप्परच कुणी काढून नेलं.
हा घरी ऐकायचा, भाई, रात्री, एकट्यानं.
घर म्हणजे आमची खोली, आठ खाटा.
आणि अल कूजच्या बसमध्ये माझ्या शेजारी टेकबहादूर,
बस सुटायच्या आत झोपणारा.
मागे एकदा फोनवरच लावलं होतं,
राक्षसानं एन्ट्रीला आरोळी ठोकली
आणि हा उठून सीटखाली चपला शोधायला लागला.
म्हणून बंद पाठ.
आतलं आत राहावं.

तपासायला माझ्याकडे एकच फाइल.
तातूनं जत्रेत मांडवाच्या खांबाला फोन बांधून घेतलेलं दशावतारी नाटक,
तीन तास अकरा मिनिटं.
सकाळी जाताना राजाला शाप लागतो,
संध्याकाळी नॅशनल पेंट्सच्या कोंडीतसुद्धा उतरत नाही.

दुसऱ्यात नुसता पखवाज.
बेस देखो भाई, बेस! शमीर खूश.
अरे, पण राणी कुठे गेली?
(राणी म्हणजे आमचा विठू सुतार. आवाज बारीक लावतो.)
तिसऱ्यात चष्म्याची काडी कानशिलात रुतली.
चौथ्याचं रेक्झिन अंगठ्यानं ताणून पाहिलं :
ऑगस्टच्या घामात सोलणार.
मागच्या जोडीचे काळे पापुद्रे अजून उशीत सापडतात.

पाचवा. एकशे एकोणतीस.
राणी आली.
झांज वेगळी, पेटी वेगळी,
पेटीचा भाता ओढताना लागणारा श्वासही वेगळा.
मागे जनरेटर.
खाज्याच्या दुकानावर कुणीतरी सुट्टे मागतंय.
आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, फोनच्या अगदी जवळ,
वर्षभर रोज ऐकून जे ऐकू आलं नव्हतं :

गुणो कधी येतलो रे?
तो आता कसलो येता.

आणि कुणीतरी हसलं.

शमीर काहीतरी विचारत होता, मला फक्त ओठ दिसले.
म्हणजे पाठ खरोखर बंद.
मी बोट वर केलं, थांब.
दहा सेकंद मागे. पुन्हा. पुन्हा एकदा.
विचारणारा तातूच.
उत्तर देणारा ओळखला, नाव सांगत नाही.
हसणारा कळेना.

घासाघीस करून एकशे दहा.
मग स्टूल मागितलं, फिल्टर काढला,
मागच्या नळाखाली धुऊन परत बसवला.
शंभर.
वर त्यानं चहा पाजला.

आता बसमध्ये डावा कप कानामागे सरकवून ठेवतो,
गुलजारखान साइटचं नाव एकदाच ओरडतो.
उजव्यात राजा, शापासकट.
सत्तेचाळीस आलं की दोन्ही कप लावतो,
टेकबहादूरचं डोकं न हलवता
व्हॉल्यूम दोन घरं वर.

हसणारा अजून सापडलेला नाही.
जनरेटरचं बेअरिंग मात्र गेलंय.
ती सुक्या छर्‍यांची घरघर मी झोपेतही ओळखीन.
तातूला लिहायला घेतलं,
पुढच्या जत्रेआधी बदलून घे, गावात कुणालाही सांग.
मग पुसलं.
त्याला पुलर लागतो.
पुलर माझ्याकडे आहे.